वापरलेल्या पुंगळ्या : आधी निवडाव्यात, मग धुवाव्यात

जावईबापू, आपण विचारले आहे ते थोडक्यात असे. क्लबातल्या एका वयस्क सभासदाने नेमबाजी सोडताना आपल्याला बादलीभर, मोजून ६४०, वापरलेल्या .३०८ विंचेस्टर या रायफलीच्या काडतुसाच्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरण्यासाठी स्वस्तात दिल्या. त्या कोणकोणत्या रायफलींतून आणि किती वेळा झाडल्या गेल्या, हे त्यांनाही सांगता येत नाही. तेव्हा त्या आधी घोळवून घासणाऱ्या यंत्रात घालून चकचकीत कराव्यात की आधी निवडाव्यात, कोणत्या टाकून द्याव्यात, आणि मान तापवून नरम करण्याचा खटाटोप करावा की नाही, असे आपले तीन प्रश्न आहेत. मी एकतीस वर्षे एका सरकारी दारूगोळा कारखान्यात पुंगळ्यांच्या तपासणीच्या मेजावर काढली आणि गेल्या दोन हिवाळ्यांत ॲरिझोनात आपल्याच गॅरेजात बसून आपली हत्यारे पाहिली, म्हणून उत्तर जरा विस्ताराने देतो.

इथे इंदुरात हिंदीत याला ‘खोखा’ म्हणतात, आमच्या कारखान्यात सगळे ‘केस’ म्हणत आणि महाराष्ट्रातले पोलीस पंचनाम्यात ‘पुंगळी’ लिहितात. मला पुंगळी हाच शब्द बरा वाटतो. पुंगळी म्हणजे गोळी सुटल्यावर मागे उरणारे काडतुसाचे नळकांडे: वर गोळी धरणारी बारीक मान, तिच्याखाली उतरता खांदा, मग धड आणि शेवटी बूड. दुसरे असे, की आपल्याकडे तिकडच्या कायद्याने पुंगळ्या पुन्हा भरण्याचा हा छंद घरी करता येतो. इकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली काडतूस तयार करणे हे परवान्याचे काम आहे आणि काडतुसाचे सुटे भागही ‘दारूगोळा’ या व्याख्येत येतात. म्हणून हे उत्तर आपल्या गॅरेजापुरतेच आहे, ते इथल्या भावांना जसेच्या तसे पाठवू नये. दारू किती आणि कोणती भरावी हे मी सांगणार नाही. ते उत्पादकाच्या चालू पुस्तिकेत पाहावे. मला कळते ते पितळ.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे, की आधी निवडावे आणि मग धुवावे. बहुतेक लोक बादली आणली की पहिल्यांदा ती यंत्रात ओततात आणि चार तासांनी सोन्यासारख्या झळकणाऱ्या पुंगळ्या बाहेर काढून खूष होतात. मला हे पटत नाही. तांदूळ आपण आधी निवडतो आणि मग धुतो, कारण ओल्या तांदळात खडा दिसत नाही. पुंगळीवरची काजळी, डाग आणि ओरखडे म्हणजे ती ज्या रायफलीतून गेली तिचा जबाब असतो, आणि तो वाचण्याआधीच आपण तो पुसून टाकतो. कोरड्या फडक्याने धूळ तेवढी झटकावी आणि पन्नास-पन्नास पुंगळ्या परातीत घेऊन खिडकीपाशी बसावे. ही परात मग परत स्वयंपाकघरात जाऊ देऊ नये. त्याचे कारण पुढे येईल.

सर्वांत आधी हाताला लागते ते नको असलेले. बादलीत एखादे न उडालेले जिवंत काडतूस निघणे मुळीच दुर्मिळ नाही. ते तसेच बाजूला ठेवून क्लबाच्या रेंज अधिकाऱ्याकडे द्यावे. ज्या पुंगळीत गोळी नाही, पण बुडाच्या टोपीवर पिनेचा ठोकाही दिसत नाही, तिच्यातला प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी ती टोपी, जिवंत आहे असे समजून तीही तिकडेच द्यावी, तो प्रायमर पुंगळ्या दाबायच्या प्रेसवर ठोकून काढण्याच्या भानगडीत पडू नये. एका पुंगळीच्या पोटात दुसरी लहान पुंगळी अडकलेली सापडते, ती यंत्रात गेली तर निघता निघत नाही. लोखंडी पुंगळ्या चुंबकाने वेगळ्या होतात. निकेलचा मुलामा दिलेल्या पुंगळ्या चुंबकाला लागत नाहीत, पण रंगाने ओळखू येतात. मुलामा सुटू लागला की त्याचे कण डायला, म्हणजे पुंगळी दाबून मापात आणणाऱ्या साच्याला, ओरखडे पाडतात, म्हणून मी त्या ठेवत नाही.

त्यानंतर भावंडे ओळखायची. .३०८ ही १९५२ मध्ये बाजारात आलेली पुंगळी मोठ्या खटल्याची आहे. तिचीच मान बारीक करून .२४३ विंचेस्टर, ७ मिलिमीटर-०८ आणि .२६० रेमिंग्टन झाल्या. या सगळ्यांच्या बुडाचा व्यास एकच, ०.४७३ इंच म्हणजे १२ मिलिमीटर आहे, आणि ६.५ क्रीडमूर व जुनी .३०-०६ यांचाही तोच आहे. म्हणून नुसत्या बुडाकडे पाहून निवडणारा हमखास फसतो. लांबी, खांद्याची जागा आणि मानेचे तोंड या तिन्ही गोष्टी पाहाव्यात. याहून वाईट फसवणूक म्हणजे कोणीतरी .३०८ ची मान दाबून .२४३ केलेली पुंगळी. तिच्या बुडावर एक नाव असते आणि मान दुसऱ्याची असते. आपण ती परत .३०८ करू शकाल, पण इतक्या स्वस्त मालात तो उद्योग कशाला करायचा? टाकून द्यावी.

आता बुडावरची अक्षरे. व्यापारी मालावर उत्पादकाचे आणि काडतुसाचे नाव असते, तर लष्करी मालावर कारखान्याची खूण आणि सालाचे शेवटचे दोन आकडे असतात. आपल्या बादलीत ‘एल सी’ बरीच असतील. ती मिसुरीतल्या लेक सिटी कारखान्याची खूण आहे, आणि वर्तुळातला अधिक नाटोच्या मापाचा. आपल्याकडच्या ‘के एफ’ म्हणजे खडकी आणि ‘ओ एफ व्ही’ म्हणजे जळगाव जिल्ह्यातले वरणगाव. .३०८ आणि नाटोची ७.६२ × ५१ यांची बाहेरून मापे जवळपास सारखी असली, तरी लष्करी पुंगळीची भिंत बहुधा जाड आणि आतली जागा कमी असते. त्यामुळे तीच दारू तिच्यात जास्त दाब करते. या एका कारणासाठी लष्करी आणि व्यापारी माल कधी मिसळू नये, आणि आधी व्यापारी पुंगळीत चाललेले माप लष्करी पुंगळीत तसेच वापरू नये.

अक्षरे पाहून झाली की विजेरी घेऊन तोंडातून आत बुडाकडे पाहावे. मधोमध एकच छिद्र दिसले तर पुंगळी बॉक्सर पद्धतीची, आणि बाजूला दोन बारीक छिद्रे दिसली तर बर्डन पद्धतीची. एडवर्ड बॉक्सर इंग्रज आणि हायरम बर्डन अमेरिकन, दोघांचीही पेटंटे १८६६ ची. गंमत अशी, की अमेरिकेने इंग्रजाची पद्धत उचलली आणि युरोपने अमेरिकनाची. आमच्या खडकीच्या जुन्या .३०३ पुंगळ्या बर्डनच्याच होत्या. बर्डन पुंगळी आपल्या डायमध्ये घातली, तर मधली पिन छिद्र नसलेल्या पितळावर आदळते आणि वाकते किंवा तुटते. बादलीत अशा किती आहेत ते पिन मोडण्याआधी कळलेले बरे. बॉक्सरमध्येही एक पोटभेद आहे. .३०८ चा प्रायमर सहसा मोठा, ०.२१० इंचाचा असतो, पण लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी काढलेल्या काही पुंगळ्यांना ०.१७५ इंचाचा लहान खळगा असतो. हे डोळ्यांना कळते, मात्र एकामागून एक पुंगळ्या हातावेगळ्या करताना नजरेतून सुटते.

एवढे झाल्यावर खरा जबाब वाचायला घ्यावा. मानेभोवती काजळी असणे ठीक आहे. काजळी खांद्याखाली धडावर उतरली असेल, तर ती मान झटकन फुगून चेंबरला, म्हणजे रायफलीत काडतूस बसते त्या पोकळीला, चिकटली नाही, म्हणजे एकतर दाब कमी होता किंवा मान कडक झाली आहे. धडावर उभ्या समांतर काळ्या रेघा असतील, तर ती जी-३ जातीच्या, चेंबरात खाचा असलेल्या रायफलीतून आली आहे. अशा पुंगळ्यांना बाहेर पडताना मारही बसलेला असतो. बुडावर चकचकीत गोल ठसा दिसला, म्हणजे तिथले पितळ दाबाने बोल्टमधल्या, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या दट्ट्यातल्या, पुंगळी बाहेर फेकणाऱ्या इजेक्टरच्या भोकात शिरू पाहत होते. प्रायमरच्या कडा सपाट होऊन खळग्यात पसरल्या असतील आणि जोडीला हा ठसाही असेल, तर ती पुंगळी मर्यादेबाहेरच्या दाबातून गेली आहे. प्रायमरभोवती काळे कडे असेल, तर वायू तिथून गळला आहे आणि खळगा सैल आहे. अशी पुंगळी दिसायला कितीही नवी असली तरी ती संपली. हे सगळे यंत्रातून काढलेल्या पुंगळीवर दिसले नसते, किंवा अर्धेच दिसले असते.

मानेवर उभी चीर असेल तर दुसरा विचार नाही, ती टाकावी. तोंडाला पडलेला पोचा मात्र डाय सरळ करते, त्यासाठी चांगली पुंगळी टाकू नये.

ज्या दोषासाठी मी आपल्याला हे सगळे लिहितो आहे, तो बाहेरून जेमतेम दिसतो. पुंगळीचे बूड भरीव आणि जाड असते, आणि त्याच्या वर भिंत पातळ होत जाते. रायफल उडते तेव्हा पातळ भिंत दाबाने चेंबरला घट्ट चिकटते आणि भरीव बूड मागे सरकून बोल्टला टेकते. मध्ये जे अंतर असेल तितके पितळ ताणले जाते. आपण दर वेळी डायमध्ये खांदा गरजेपेक्षा खाली ढकलला, की पुढच्या वेळी ते परत तितकेच ताणले जाते, आणि हे सगळे ताणणे एकाच जागी, बुडापासून सुमारे एक सेंटिमीटरच्या आसपास, भिंत जिथे बुडाला मिळते तिथे साठते. आतून गोल खाच पडत जाते. शेवटी एक दिवस पुंगळीचे दोन तुकडे होतात, पुढचा चेंबरात अडकतो आणि वायू मागे येतो. .३०८ चा कमाल दाब चौरस इंचाला ६२,००० पौंड ठरवलेला आहे, तेव्हा तो वायू कोणाच्या चेहऱ्याकडे येतो हे वेगळे सांगायला नको.

बाहेरून कधी कधी त्या जागी फिकट चमकदार वळे दिसते, पण डायची कडा जिथे थांबते तिथेही एक रेघ उमटतेच, आणि नवखा माणूस एकतर दोन्हींना घाबरतो किंवा दोन्हींकडे दुर्लक्ष करतो. म्हणून डोळ्यांवर विसंबू नये. कागदाला लावायची एक तारेची टाचणी सरळ करावी, तिच्या टोकाला दोनेक मिलिमीटरचा काटकोनी आकडा करून तो कानशीने अणकुचीदार करावा, आणि तो आकडा पुंगळीत बुडापर्यंत नेऊन भिंतीला हलका दाबत वर ओढावा. चांगल्या भिंतीवरून तो सरळ घसरत येतो. खाच असेल तर बूड सोडल्या सोडल्या तो अडतो, आणि ते अडणे बोटाला असे स्पष्ट कळते की एकदा कळले म्हणजे विसरत नाही. चारही बाजूंनी ओढून पाहावे, कारण खाच सगळीकडे सारखी खोल नसते. पहिल्या दिवशी अशी एक पुंगळी सापडली की ती लोखंड कापायच्या करवतीने उभी चिरावी आणि आतला काप पाहावा. तो पाहिल्यावर मी लिहिलेली ही दोन परिच्छेदांची कथा आपल्याला लागणार नाही. आमच्याकडे नव्या पोराला मेजावर बसवण्याआधी अशा चिरलेल्या दहा पुंगळ्या हातात देत.

यावरचा उपाय पुंगळीत नसून डाय लावण्यात आहे. आपल्या रायफलीतून एकदा उडालेल्या पुंगळीच्या बुडापासून खांद्यापर्यंतचे अंतर व्हर्निअरला लावायच्या जोडतुकड्याने मोजावे. बोल्ट रायफलीसाठी खांदा त्यापेक्षा फक्त एक-दोन हजारांश इंच मागे जाईल इतकीच डाय खाली आणावी. आपोआप भरणाऱ्या रायफलीला तीन ते पाच हजारांश लागतात. डाय प्रेसच्या बुडाला टेकवून वर आणखी थोडी फिरवण्याची जी सरसकट सवय असते, ती पुंगळ्या खाते. मात्र ही बादली परक्या रायफलींतून आलेली आहे, तेव्हा पहिल्या खेपेला सगळ्यांना पूर्ण लांबीची डाय लागेलच, आणि यंत्रबंदुकीतून आलेल्या, बुडाशी फुगलेल्या लष्करी पुंगळ्यांना ती मारूनही आपला बोल्ट मिटायला जड जाऊ शकतो. अशांसाठी बुडाशी बारीक असलेली डाय मिळते, पण थोड्या पुंगळ्यांसाठी ती विकत घेऊ नये.

निवडून झाल्यावर धुणे. आधी प्रायमर काढून टाकावेत, म्हणजे खळगाही धुतला जातो. त्यासाठी पुंगळीच्या भिंतीला न शिवणारी, फक्त प्रायमर काढणारी स्वतंत्र डाय स्वस्तात मिळते, आणि मळक्या पुंगळ्या चांगल्या डायमध्ये घालण्यापेक्षा ती घ्यावी. प्रायमरच्या राखेत शिसे असते, कारण नेहमीच्या प्रायमरमध्ये लेड स्टिफ्नेट असते. अक्रोडाच्या टरफलांचा किंवा मक्याच्या बुरकुंडाचा भुसा घालून कोरडे यंत्र फिरवले, की हे शिसे धुळीत जाते आणि आपण भुसा चाळताना ती धूळ ओढतो. म्हणून चाळणे बाहेर, वाऱ्याकडे पाठ करून करावे. मुलांना जवळ येऊ देऊ नये, काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत, आणि स्वयंपाकघरातले एकही भांडे, चाळण किंवा ओव्हन या कामाला लावू नये. परातीचे कारण हेच होते.

मला स्वतःला ओले धुणे आवडते. लिटरभर कोमट पाण्यात चहाचा एक चमचा सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपले लिंबूसत्त्व, आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब घालावेत. दहा मिनिटे पुरतात. मग स्वच्छ पाण्यात दोनदा खळबळून पुंगळ्या तोंड खाली करून उन्हात वाळवाव्यात. ॲरिझोनात उन्हाला तोटा नाही. आमच्या सौ. देवाची पितळी भांडी चिंचेने घासतात, त्याच जातीची ही क्रिया आहे आणि तिची खोडही तीच आहे. आम्लात पितळ विसरून राहिले की त्यातले जस्त आधी निघून जाते आणि पृष्ठभाग तांबूस गुलाबी होतो. काठाशी हलकी गुलाबी झाक आली तर बिघडले नाही, पण रात्रभर भिजत ठेवलेली पुंगळी मी घेणार नाही. पोलादी बारीक काड्या घालून ओले यंत्र फिरवायचे असेल, तर तासाभरावर जाऊ नये, नाहीतर पुंगळ्या एकमेकींवर आपटून तोंडाच्या कडा ठेचून घेतात.

ज्या पितळ पॉलिशला अमोनियाचा वास येतो, ते मात्र पुंगळीच्या जवळपासही आणू नये. यामागे आपल्याच देशातली जुनी गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी फौजेची काडतुसे इथल्या पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेली असत आणि त्यांच्या पुंगळ्यांना न वापरताच चिरा पडत. पावसाळ्यात होते म्हणून त्याला नाव पडले ‘सीझन क्रॅकिंग’. कारण १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी उलगडले. घोड्यांच्या मुतातून येणारा अमोनिया दमट हवेत पितळावर बसे, आणि पुंगळी ओढून बनवताना तिच्यात राहिलेला ताण त्या जागी तिला फाडे. ताण आणि अमोनिया यांपैकी एकटे कोणीच हे करत नाही. माझी नोकरी एका अर्थाने या गोष्टीवरच चालली. ताण उरला आहे की नाही हे पाहायला आम्ही नमुन्याच्या पुंगळ्या मर्क्युरस नायट्रेटच्या द्रावणात अर्धा तास बुडवत असू. त्या बाहेर निघत तेव्हा चांदीसारख्या पांढऱ्या झालेल्या असत, आणि ज्यात ताण उरला असेल तिच्या मानेवर आपल्या डोळ्यांदेखत केसाएवढी रेघ उघडत जाई. एवढे असून मी घरच्या कपाटात ठेवलेल्या एका दिखाऊ, आतून रिकाम्या पुंगळीला दर दिवाळीला अमोनियाच्या पॉलिशने घासत असे, आणि पाचव्या की सहाव्या दिवाळीला तिची मान चिरलेली मिळाली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. आपल्या गॅरेजात पुंगळ्यांच्या डब्याशेजारी मांजराच्या मातीचे तबक आणि बागेचे खत पाहिल्याचे मला आठवते. ते तिथून हलवावे.

मान नरम करण्याचा आपला तिसरा प्रश्न इथूनच सुटतो. काडतुसाचे पितळ म्हणजे ७० भाग तांबे आणि ३० भाग जस्त. ते ठोकले, ओढले, दाबले की कडक होते, आणि तापवले की नरम होते. आमच्या लहानपणी राजवाड्याजवळच्या कसेरा बाजारातून जाताना हेच पाहायला मिळे. कारागीर ठोकून ठोकून भांडे चढवी, ते ऐकेनासे झाले की भट्टीत घाली, लाल झाले की काढून पुन्हा ठोकायला बसे. आपली पुंगळी दर खेपेला मानेशी फुगते, डायमध्ये आवळली जाते, परत ताणली जाते, म्हणून मान कडक होते आणि शेवटी चिरते. कडक मान गोळीला सारखी धरत नाही, हे नेमबाजाला चिरेच्याही आधी जाणवते. उलट बूड मात्र कडकच राहिले पाहिजे, कारण दाब ते झेलते. तेव्हा एकाच पुंगळीचे वरचे टोक नरम आणि खालचे कडक असा हा प्रकार आहे, आणि म्हणूनच अख्खी पुंगळी भट्टीत किंवा ओव्हनमध्ये तापवणे ही मी ऐकलेली सर्वांत धोक्याची युक्ती आहे. तिने बूड नरम पडते, आणि नरम बूड दिसायला कडक बुडासारखेच असते.

करायचेच तर अशा रीतीने करावे. पुंगळी बूड खाली करून खोल सॉकेटमध्ये सैल बसवावी, सॉकेट हळू फिरणाऱ्या ड्रिलला लावावे, आणि खोलीत उजेड कमी ठेवून गॅसच्या बत्तीची निळी जीभ मान आणि खांदा यांच्या सांध्यावर धरावी. ठरावीक तापमानाला वितळणारा रंग मिळतो. ४०० अंश सेल्सिअसचा घेऊन पहिल्या काही पुंगळ्यांच्या मानेच्या आत त्याची रेघ ओढावी आणि ती वितळायला किती सेकंद लागतात ते मोजून घ्यावे. मग बाकीच्या त्या मोजणीवर कराव्यात. अंधारात अगदी मंद लाली दिसू लागण्याच्या बेताला थांबायचे असते. झगझगीत लाल झाली तर ती मान फुकट गेली. नंतर पाण्यात टाकावी की नाही यावर लोक वाद घालतात. पोलादाला पाणी पाजले की ते कडक होते, पण पितळाचे तसे नाही, त्याला पाण्याने काहीच होत नाही. फक्त उष्णता खाली बुडाकडे उतरायची थांबते, म्हणून टाकलेली बरी. मानेवर जो निळसर तपकिरी डाग राहतो तो दोष नव्हे. लष्करी मालावर तो मुद्दाम पुसत नाहीत, कारण नरम केल्याचा तो पुरावा असतो.

पण आपण विचारले आहे, करावे की नाही. माझे मत असे, की या बादलीपुरते पहिल्या खेपेला करू नये. अजून आपला हात बसलेला नाही, पुंगळ्या किती खेपांच्या आहेत हे ठाऊक नाही, आणि चुकून तापलेल्या बुडाची किंमत स्वस्तात मिळालेल्या बादलीपेक्षा फार मोठी आहे. चिरलेल्या माना निवडण्यात निघतीलच. उरलेल्या एकदा झाडून पाहाव्यात. एकाच खुणेच्या पन्नासांत दोन-तीन माना नव्याने चिरल्या तर तो गट जुना समजून भंगारात द्यावा. नरम करणे आपण स्वतः नव्या विकत घेतलेल्या आणि खेपा मोजलेल्या पुंगळ्यांसाठी राखावे. तिथे दर तीन-चार खेपांनी केले तर श्रम वसूल होतात.

बाकीचे भराभर सांगतो. लष्करी पुंगळीत प्रायमर दाबून पक्का केलेला असतो. तो काढल्यावर खळग्याच्या तोंडाशी आवळलेले कडे उरते, आणि ते दाबून किंवा खरवडून काढल्याशिवाय नवा प्रायमर बसत नाही. जोर लावून बसवू नये. खरवडण्यापेक्षा दाबण्याचे हत्यार चांगले, कारण त्यात पितळ जात नाही. पुंगळी डायमध्ये घालण्यापूर्वी लॅनोलिनचे वंगण लावावे. मानेच्या पुंगळीला कार्बाइडची डायसुद्धा कोरडी चालत नाही. वंगण कमी पडले तर पुंगळी डायमध्ये रुतून बसते आणि जास्त झाले तर खांद्यावर पोचे उमटतात, म्हणून ते बोटाला जाणवेल इतकेच असावे. लांबी नेहमी डायमधून काढल्यावर मोजावी, कारण डाय पुंगळीला लांब करते. कमाल २.०१५ इंच म्हणजे ५१.१८ मिलिमीटर, आणि कापायची ती २.००५ वर. लांब राहिलेली मान चेंबरच्या पुढच्या टोकाला रुतते, गोळीला सुटायला जागा देत नाही आणि दाब भलताच वाढतो. कापल्यावर तोंडाची आतली-बाहेरची धारदार कड घासून मोडावी, वंगण पुसून काढावे, ठिणगीच्या छिद्रात भुशाचा कण अडकलेला नाही हे उजेडाकडे धरून पाहावे. नवा प्रायमर बसवताना बोटाला प्रतिकार लागलाच पाहिजे. लोण्यात सुरी गेल्यासारखा तो आत गेला, तर खळगा सैल झाला आहे आणि ती पुंगळी इथवर येऊनही भंगारातच जाते.

पुंगळ्या वजनाने निवडाव्यात का, असे आपण मागे एकदा विचारले होते. लोक ग्रेनच्या काट्यावर दिवस घालवतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, आपल्या सराफ्यातल्या गुंजेच्या निम्म्याहून किंचित जास्त. पण वजनातला फरक आतल्या पोकळीतलाच असेल असे नाही, तो कडेच्या खाचेतलाही असू शकतो आणि त्याचा दाबाशी संबंध नसतो. खरे पाहायचे तर पुंगळीत पाणी भरून तोलावे. तीनशे यार्डांच्या आपल्या सामन्यांना एवढ्याचीही गरज नाही. एक खूण, एक साल, एकच लांबी आणि एकाच खेपेचा इतिहास, एवढे जुळवले तरी लक्ष्यावर फरक दिसतो. पन्नासांचे डबे करावेत आणि प्रत्येक डब्यात चिठ्ठी टाकावी: खूण, साल, आपल्याकडे आल्यापासूनच्या खेपा, कापल्याची तारीख. आधीच्या खेपा माहीत नाहीत, म्हणून मी या मालाला सुरुवातीलाच तीन खेपा झाल्या असे धरून चिठ्ठीवर तोच आकडा घालेन.

शेवटी, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची एखादी पुंगळी, .३०-०६ वगैरे, त्या बादलीत निघाली तर ती आठवण म्हणून ठेवावी, पण भरू नये. त्या काळच्या काही प्रायमरमध्ये पारा असे आणि तो पितळात मुरून ते आतून ठिसूळ करतो. बाहेरून काहीही दिसत नाही, तारेच्या आकड्यालाही लागत नाही.

चिरलेल्या पुंगळीच्या कापाचा फोटो मला जरूर पाठवावा, खाच किती खोल आहे ते मी त्यावरून सांगेन. मात्र दिवाळीला इकडे येताना ती, किंवा बादलीतली दुसरी कोणतीही पुंगळी, बॅगेत घालून आणू नये. विमानतळाच्या यंत्रात ती काडतुसासारखीच दिसते, आणि मग आमच्या भाचीला, म्हणजे आपल्या सौभाग्यवतींना, इंदूर विमानतळाबाहेर किती तास उभे राहावे लागेल ते सांगता येत नाही. निघण्यापूर्वी जॅकेटचे खिसेही उलटे करून पाहावेत.